कुंभ राशीची अकरावी खोली

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, दुपारचे तीन. आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर पाट मांडलेला आणि पाटावर अकरा रुपये, शेंडीचा नारळ, विड्याची पाच पाने. हजर माणसे सात: माझे वडील अण्णा, शेजारचे दादा, वामनभट, स्वयंपाकघराच्या दारात माझी आई, तिच्यामागे दादांची मुलगी मंदाताई, आणि टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर आम्ही दोघे, मी आणि मंदाताईचा धाकटा भाऊ दिगू. हा आकडा मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे ही हकीकत सांगताना अण्णा माणसे वाढवत गेले. त्यांच्या साठीत ती पंधरा झाली होती आणि पंच्याहत्तरीत अंगणात मांडव पडला होता. मांडव नव्हता. सात माणसे होती. ते अकरा रुपये ठेवले होते मंदाताईचे लग्न जुळते की नाही हे कॉम्प्युटरला विचारण्यासाठी. कॉम्प्युटरला खोकी ढकलण्यापलीकडे काही येत नव्हते, हे सातांपैकी तिघांनाच ठाऊक होते. उरलेले चौघे वयाने मोठे होते.

तो कॉम्प्युटर माझ्या मामाचा. मामा मालवाहू बोटींवर विजेची कामे करायचा. दोन बोटींच्या मधल्या सुट्टीत तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बॅगेत साबण, सेंटच्या बाटल्या आणि ही काळी पाटी होती. पाटीच म्हणतो, कारण आकाराने ती शाळेच्या पाटीएवढी होती, फक्त वर रबराच्या बटणांच्या ओळी; पडदा नव्हता, ती टीव्हीला जोडायची. जाताना मामा ती आमच्याकडे ठेवून गेला. पुढच्या शिमग्याला येईन तेव्हा नेईन, तोपर्यंत पोराला अभ्यासाला होईल, असे म्हणाला. सोबत दोन कॅसेटी होत्या. एकीत गणित शिकवायचा कार्यक्रम होता म्हणे. तिला पावसाळ्यात बुरशी आली. दुसरीत खोक्यांचा खेळ होता, तिला काही झाले नाही. आमच्या हवेला काय चाटायचे आणि काय सोडायचे ते बरोबर कळते.

अण्णा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. घरात ते आमच्यासारखेच मालवणी बोलत, पण कॉम्प्युटर आल्यापासून त्या विषयापुरते शुद्ध मराठीत बोलू लागले. मासळी बाजारात, एसटी स्टँडवर, देवळात आरतीनंतर, कुठेही ते सहज म्हणाल्यासारखे म्हणत, "आमच्याकडे कॉम्प्युटर आहे. चिरंजीव शिकतायत." चिरंजीव काय शिकतायत हे त्यांनी कधी पाहिले नाही. आईने विणलेला रुमाल त्या पाटीवर घातला होता, तो रोज सकाळी ते स्वतः सरळ करत. त्यांचा त्या यंत्राशी संबंध एवढाच.

खेळ असा होता. पडद्यावर वरून पाहिल्यासारखे एक गोदाम दिसे. भिंती, मधल्या वाटा, एक टाचणीएवढा माणूस, काही खोकी आणि जमिनीवर तितक्याच खुणा. माणसाने प्रत्येक खोके एकेका खुणेवर नेऊन बसवायचे. माणसाला खोके फक्त ढकलता येई, मागे ओढता येत नसे, आणि एका वेळी एकच. खोके कोपऱ्यात गेले की ते जन्माचे तिथेच. मग खोली पहिल्यापासून. एक खोली सुटली की पुढची उघडे, आणि पुढची आधीच्यापेक्षा अवघड असे. यंत्र बंद केले की सगळे विसरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात.

ती सुरुवातसुद्धा सोपी नव्हती. खेळ कॅसेटवरून यंत्रात भरावा लागे. टेपरेकॉर्डरचे झाकण ढिले होते, त्यात काडेपेटीची काडी खोचायची आणि बटण दाबायचे. मग पाच-सहा मिनिटे जो आवाज येई त्याला मला आजही नाव देता येत नाही. तापल्या तेलात मोहरी पडावी आणि त्याच वेळी कोणी पत्र्यावर खिळा ओढावा, तसे काहीसे. आई स्वयंपाकघराचे दार लावून घेई. परसातल्या कोंबड्या पहिला आठवडा घाबरल्या, नंतर त्यांना सवय झाली. आईला शेवटपर्यंत झाली नाही. "काय ता मरणाचा आराडता," म्हणायची, आणि तेवढ्यात शेजारी कोणी मिक्सर लावला तर वीज दबकायची, आवाज अडखळायचा, की झाले, कॅसेट पहिल्यापासून. संध्याकाळी सातला घराघरांत मिक्सरवर वाटप लागे. त्या वेळी आम्ही कॅसेट लावण्याच्या भानगडीत पडत नसू. खोबऱ्याच्या वाटपापुढे कॉम्प्युटरचे काही चालत नाही, हे मी फार लहान वयात शिकलो.

एकटा खेळायचो तेव्हा मी संथ खेळायचो. शाळेतून आलो की आई पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवी. ते खाऊन मी आधी जमिनीवर काजूच्या बियांनी खोली मांडायचो. बिया म्हणजे खोकी, खडूच्या फुल्या म्हणजे खुणा. कुठले खोके आधी, कुठले मागून, याचा हिशेब जमिनीवर करून मगच पडद्यासमोर बसायचो. असे मी तीन-चार खोल्या एकट्याने सोडवल्या. सोडवल्यावर यंत्र एक बारीकशी किणकिण करी आणि पुढची खोली दाखवी, संपले. घरात दुसरे कोणी नसे. सुटलेली खोली कोणाला तरी सांगेपर्यंत ती सुटल्यासारखी वाटत नसे, म्हणून मी कुंपणाच्या बेड्यावरून, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकावरून, दिगूला हाक मारायचो.

दिगूची तऱ्हा उलटी. तो बसला की बोटे आधी चालत, डोके मागून घरी येई. पाच-पाच मिनिटांत तीन खोकी कोपऱ्यात घालून तो मोकळा. मी ओरडलो की म्हणे, "तू काय रे, खोक्यांचा पंचांग बघतस?" मी त्याला म्हणे, "मेल्या, तुझ्या बापाशीचो माल आसा काय, खंय पण ढकलूक?" दिगूच्या बापाचा खरोखरच काजूचा धंदा होता, त्यामुळे ते त्याला लागे. शेवटी आम्ही नियम केला, एकाने बटणे दाबायची आणि दुसऱ्याने फक्त बोलायचे, खोली बदलली की जागा बदलायची. मला वाटे माझ्या हिशेबाने खोल्या सुटतात. आता नीट आठवून पाहतो तर निम्म्या खोल्या दिगूच्या चुकांनी सुटल्या. तो खोके नको तिथे ढकली आणि तिथे मला कधी सुचली नसती अशी वाट दिसे. हे मी त्याला तेव्हा सांगितले नाही आणि आता सांगायची गरज नाही, तो स्वतःच तसे सगळीकडे सांगतो.

अशा रीतीने आम्ही दहा खोल्या काढल्या. अकरावीत अडकलो. अकराव्या खोलीत चार खोकी होती. त्यांतले एक सुरुवातीलाच खुणेवर बसलेले असे. म्हणजे खरे तर तीनच बसवायची. आम्ही खूश झालो होतो. पण तीनही खोकी बोळातून वर न्यायची आणि बोळाच्या तोंडाशी माणसाला वळायला जागा नाही. दोन बसत, तिसरे राही. तिसरे आधी नेले तर दुसरे राही. पंधरा दिवस आम्ही तिथेच डोके आपटत होतो.

याच पंधरा दिवसांत शेजारी दुसरीच गोष्ट अडली होती. मंदाताईला कुडाळचे स्थळ आले होते. मुलगा तिथल्या बँकेत. मंदाताई बालवाडीत शिकवायची, सडपातळ, चालताना चपला वाजवणारी, आणि आम्हा दोघांना एकाच दमात चार शिव्या देऊ शकणारी. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होती. अडले पत्रिकेवर. वामनभटांनी गुण काढले ते छत्तिसांत पंधरा. दादांना ते रुचेना, म्हणून ते तळेऱ्याला दुसऱ्या भटजींकडे गेले. त्यांनी तीच पत्रिका पाहून बावीस काढले. अठराला पास धरतात. एक म्हणतो नापास, दुसरा म्हणतो बऱ्यापैकी पास. वामनभटांना तळेऱ्याची खबर लागली आणि ते रागावले ते वेगळेच. मग दादांनी देवाला कौल लावला. आमच्याकडे अडले-नडले की देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी दादा सकाळी आठपासून उन्हे डोक्यावर येईपर्यंत हात जोडून उभे राहिले. एकही कळी हलली नाही. गुरव म्हणाला, देव विचार करतो आहे. दादा म्हणाले, मुलाकडचे सोमवारपर्यंतच थांबणार आहेत, देवाला हे सांगितले आहे ना? गुरवाने दोन्ही कळ्या काढून घेतल्या.

या सगळ्यात मंदाताईला काय वाटते हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. दादा वाईट नव्हते. मुलीसाठी ते तळेऱ्यापर्यंत गेले, देवापुढे चार तास उभे राहिले. पंधरा पावलांवर ती भांडी घासत होती, तिथवर तेवढे गेले नाहीत.

त्याच संध्याकाळी दादा बातम्या पाहायला आमच्याकडे आले. आम्ही अकराव्या खोलीत होतो. दादा पडद्याकडे पाहत दारातच थांबले. चौकट, आत घरे पाडलेली, काही घरे रिकामी, काहींत काहीतरी बसलेले, आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात सरकते आहे. "अण्णानू," ते म्हणाले, "ह्यो कुंडली मांडता?" मुंबईत कॉम्प्युटरवर पत्रिका काढतात असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. आता अण्णांना एवढेच म्हणायचे होते की ते आपल्याला ठाऊक नाही. पण मग इतके महिने मासळी बाजारात जे सांगितले त्याचे काय? अण्णांनी घसा साफ केला, शुद्ध मराठी वर काढली आणि म्हणाले, "यंत्र आहे. विचाराल ते करील." एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण दादांनी विचारले, कळणार कसे? आणि कचेरीत तीस वर्षे नसलेले नियम सांगून लोकांना परत पाठवण्याची सवय झालेल्या माझ्या वडिलांनी जागच्या जागी नियम केला. राशी बारा. म्हणून खोल्या बारा. मुलीची रास जितकी, तितकी खोली उघडायची. खोकी सगळी जागेवर बसली तर जमते, नाही बसली तर नाही. मुलीची रास कोणती?

कुंभ. अकरावी.

मी अण्णांच्या तोंडाकडे पाहिले. ते अत्यंत समाधानी दिसत होते. आम्ही कुठल्या खोलीत अडकलो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण त्यांनी कधी विचारले नव्हते. पहिली खोली आम्ही डोळे मिटून सोडवायचो. मेष म्हणाले असते दादा, तर दोन मिनिटांत लग्न लागले असते.

दुसऱ्या दिवशी मंदाताई घावण्यांची ताटली परत द्यायच्या निमित्ताने आली. आईने काल त्यांना घावणे दिले होते, ती ताटली रिकामी परत कशी द्यायची म्हणून तिच्यात गूळ घेऊन आली. ताटली आईला दिली आणि आमच्यापाशी येऊन बसली. "तुमका ही खोली जमता?" तिने विचारले. दिगू म्हणाला, अजून नाही. तिने मागे वळून आई आत गेली का पाहिले. मग हळू आवाजात, पण प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाली, "मेल्यांनो, माका तो बँकेतलो झिल बरो वाटता. आंगणेवाडीच्या जत्रेत बघितलंय मी त्येका, दोनदा. आवशीची पिशवी धरून चलत होतो, लाजत नव्हतो. खोके बसले नाय तर तुमका दोघांकाय बसवतंय." दिगूने विचारले, मग बाबांना सांगत का नाहीस? ती म्हणाली, इचारल्याशिवाय पोरीन आपणच सांगूचा आणि मगे लोकांनी आयुष्यभर सांगूचा, ता नको. त्यानंतर ती रोज संध्याकाळी येऊन मागे उभी राहू लागली. आम्ही ढकलत होतो, ती पाहत होती. एकदाही बोलली नाही. आम्हाला वाटले तिला यातले कळत नाही.

त्या चार दिवसांत मी इतका घाबरलो होतो की काजूच्या बिया उशाशी घेऊन झोपत होतो. एकट्याने बसून हिशेब केला, जमला नाही. दिगूबरोबर बसून भांडलो, जमला नाही. शेवटी शनिवारी दिगूने सुचवले की कॅसेटच खराब झाली म्हणून सांगू. ते अण्णांच्या कानावर गेले. अण्णा म्हणाले, वामनभटांना उद्याचे आमंत्रण गेले आहे. म्हणजे कॅसेट खराब होणे आता शक्य नव्हते.

वामनभट आले ते यंत्राला हरवायला आले होते, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होते. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या. आईने सगळ्यांना कोकम सरबत दिले. अण्णांनी रुमाल काढला, दादांनी पाटावर पैसे ठेवले, नारळाची शेंडी यंत्राकडे केली. मी काडी खोचून कॅसेट लावली. तो आवाज सुरू झाल्यावर दादांनी हात जोडले आणि कोणी सांगितले नसताना डोळे मिटून घेतले. माझ्या आयुष्यात इतक्या भक्तिभावाने कोणी ती कॅसेट ऐकली नव्हती.

पहिल्या दहा खोल्या आम्ही सटासट काढल्या. प्रत्येक किणकिणीला दादा मान हलवत. वामनभटांनी विचारले, या इतर राशी कशाला? अण्णा म्हणाले, प्रथा आहे. कोणाची, हे वामनभटांनी विचारले नाही, कारण हा शब्द ते स्वतःच दिवसातून दहा वेळा वापरत. अकरावी खोली उघडली. दिगू बटणांवर, मी बोलायला. एक खोके बसलेले, तीन बाहेर. दादांनी विचारले, हे आधीच बसलेले कोण? अण्णा म्हणाले, गुरू. वामनभट पुढे सरकले. गुरू स्वस्थानी असणे त्यांना मान्य करावे लागले आणि ते त्यांना जड गेले.

आम्ही सुरुवात केली. दोन बसली, तिसरे अडले. खोली पहिल्यापासून. दादांनी विचारले, हे काय? अण्णा म्हणाले, फेरतपासणी. पुन्हा दोन बसली, तिसरे अडले. पुन्हा फेरतपासणी. वामनभट भिंतीला टेकले आणि त्यांच्या तोंडावर हसू आले. तिसऱ्यांदा खोली उघडली तेव्हा दिगू भलतीच बटणे दाबायला लागला, आणि माझ्या डोक्यात हिशेबाऐवजी नुसत्या लाह्या फुटत होत्या. दादांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की या माणसाला होकारच हवा आहे, पण तो कोणीतरी दुसऱ्याने द्यायला हवा आहे.

मागून मंदाताईचा आवाज आला. "तो बसलेलो आसा ना, तो आधी भायर काढ."

सगळ्यांनी मागे पाहिले. वामनभट ताठ झाले. "बसलेला गुरू हलवतात का कधी? अनर्थ होईल." दादा म्हणाले, "गो, तू भुतूर जा." ती गेली नाही. मी पडद्याकडे पाहिले आणि मला ते एकदम दिसले. बसलेले खोके खुणेवरून खाली सरकवले तर बोळाच्या तोंडाशी वळायला जागा होते. पंधरा दिवस ज्याला हात लावायचा नाही असे आम्ही धरून चाललो होतो, तेच वाट अडवून बसले होते. दिसले, पण ढकल म्हणायचा मला धीर होईना. समोर अण्णा होते, वामनभट होते, गुरू होता. दिगूला यातले काहीच नडले नाही. "ताई सांगता तर," म्हणाला, आणि ढकलले.

वामनभटांनी कानांवर हात ठेवले, बहुधा डोळ्यांवर ठेवायचे होते. मग सगळे भराभर झाले. पहिले खोके बोळातून वर गेले, बसले. दुसरे बसले. तिसरे, पंधरा दिवस छळणारे तिसरे, गुपचूप जाऊन बसले. उरले गुरूचे. ते परत आपल्या खुणेवर आणायला दोन ढकलण्या बाकी होत्या. दिगू माणसाला वळसा घालून त्याच्या मागे नेत होता आणि लाइट गेली.

खोलीत काळोख झाला. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही विझला. दिगूची बोटे अजून बटणांवर वाजत होती. मग वामनभटांचा आवाज आला, आणि तो आवाज तृप्त होता. "अपुरं राहिलं. आणि नेमका गुरूच बाहेर. याहून स्पष्ट काय सांगायला हवं?" अण्णा कचेरीत हरणारे नव्हते, घरात कसे हरतील? ते म्हणाले, चारांतले तीन बसले. म्हणजे बारा आणे. छत्तिसाचे बारा आणे सत्तावीस. सत्तावीस गुण म्हणजे तळेऱ्यापेक्षा पाच जास्त. वामनभट म्हणाले, गुरूचे वजन इतर तिघांएवढे धरतात. अण्णांनी विचारले, कुठल्या परिपत्रकात? त्या काळोखात दोघे पाचेक मिनिटे त्रैराशिक मांडत होते. दादा एकदा याला हो म्हणत, एकदा त्याला.

मंदाताईने पुढे येऊन खिडकी उघडली. सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन आले. ती खिडकीला पाठ लावून उभी राहिली आणि बापाला म्हणाली, "गुरू भायर आसा तर भायर रवांदे. माका तो झिल पसंत आसा. उद्या होय म्हणान कळवा."

दादांनी हाताने कपाळाचा घाम पुसला. मग ते म्हणाले, "ह्या पयलीच सांगूचा नाय?"

"पयली इचारल्यात खंय?"

आईने दारातूनच सरबताचे रिकामे पेले गोळा करायला सुरुवात केली. आमच्या घरात बैठक संपली हे आईच ठरवी.

सोमवारी दादा स्वतः कुडाळला जाऊन होकार देऊन आले. पौषात लग्ने होत नाहीत, म्हणून माघात लग्न लागले. ते लावले वामनभटांनीच, आणि मंगलाष्टके इतकी मनापासून म्हटली की पंधरा गुण काढणारा माणूस हाच, यावर कोणाचा विश्वास बसला नसता. गावात मात्र बोलबाला झाला तो कॉम्प्युटरचा. मंदाताईने भर बैठकीत काय सांगितले हे सातही जणांनी ऐकले होते, पण बाहेर गेली ती गोष्ट यंत्राने सत्तावीस गुण काढल्याची. दादा स्वतः तेच सांगत. मला वाटते त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरेच तसे आठवत होते. महिनाभरात आणखी चार पत्रिका अण्णांकडे आल्या. अण्णांनी सांगितले, यंत्र फक्त कुंभ राशीला चालते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादांनी कृतज्ञता म्हणून यंत्राची पूजा घातली. आम्ही दोघे मांडवाच्या कामात होतो, नाहीतर अडवले असते. हळद वाहिली, कुंकू वाहिले, अक्षता वाहिल्या, आणि देवाला चालते ते यंत्राला का चालू नये म्हणून पळीभर तीर्थ शिंपडले. संध्याकाळी मी रुमाल काढला तेव्हा रबरी बटणांच्या फटीत तांदळाचे दाणे फुगून बसले होते. बटण दाबले, काही नाही. अकरावी खोली आम्ही कधी पूर्ण केली नाही. बारावीत काय होते ते मला आजही ठाऊक नाही. माझी मुलगी म्हणते, आता तो खेळ फोनवर मिळतो, शोधून देते. मी नको म्हणतो. त्यात चूक झाली तर एक पाऊल मागे घेता येते म्हणे. मग त्यात राहिले काय?

मामा शिमग्याला येणार होता. त्याच्या आत यंत्र दुरुस्त व्हायला हवे होते. दिगू आणि मी ते रुमालात गुंडाळून एसटीने कुडाळला नेले. बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने खालचे स्क्रू काढले, झाकण उचलले आणि आमच्याकडे पाहिले. "ह्येची पूजा कोणी घातल्यानी?" दिगूने छताकडे पाहिले. त्याने चिमट्याने एकेक अक्षता वेचून कागदावर ठेवली, वाळलेले कुंकू ब्रशाने झाडले, दोन तास आत तोंड घालून बसला आणि म्हणाला, मेले आहे. आम्ही निघालो तर म्हणाला, बघायचे पंचवीस रुपये. आमच्याकडे येण्याजाण्याचे भाडे धरून बारा होते. यंत्र त्याच्याकडे गहाण ठेवून आम्ही दिगूच्या बहिणीच्या घरी गेलो. ते जवळच, बँकेच्या मागच्या गल्लीत होते. भावजी दुपारच्या जेवणाला आले होते. मंदाताईने आम्हाला दोघांना आधी तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कढी आणि भात वाढला, मग नवऱ्याला म्हणाली, "ह्येंका पंचवीस रुपये द्या." भावजींनी विचारले, कशाचे? "एक वस्तू बिघाडली. त्येच्यात तुमचो पण वाटो आसा."

भावजींनी हातातला घास ताटात ठेवला, तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही कढीत पाहत होतो. ते उठले, हात धुतले, खुंटीवरच्या पँटच्या खिशातून दहाच्या दोन आणि पाचाची एक नोट काढून दिगूच्या हातात दिली आणि पुन्हा जेवायला बसले. ते पंचवीस रुपये कुडाळच्या रेडिओवाल्याला मिळाले, आणि मामाला द्यायला आम्ही ते मेलेले यंत्र रुमालात गुंडाळून परत आणले.